कुंडात गडी येत नाहीत

लातूर, रविवार, १३ एप्रिल २०२५

रुद्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील असं वाटतं. उघडलंस तर आधी एवढंच वाच: यात कुणाचा निरोप नाही. गुरुलिंगकाकांचा नाही, भावकीचा नाही. मी लिहितोय, माझ्यापुरतं.

फोनवर तू मला बंद केलंस त्याला अडीच वर्षं झाली. नांदेडच्या खोलीचा पत्ता शिवगंगाने दिला. तुम्ही दोघी मधूनमधून बोलता हे मला परवाच कळलं. बायको आपल्याला न सांगता बहिणीशी बोलते याचा राग यायला हवा होता. मला बरं वाटलं. मग का बरं वाटलं ते तपासलं, तेव्हा तितकंसं बरं वाटलं नाही. नणंद-भावजयी बोलतात म्हणजे माझं काम परस्पर होतंय, असं काहीतरी ते होतं.

लिहायचं कारण खेळाचं आहे. हसू नकोस.

आपल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा नवा सीझन सुरू झाला. तीन वर्षांनी पुन्हा उघडला. शिवगंगाची शाळा देवणीला, ती शनिवारी येते आणि सोमवारी सकाळी जाते. बाकीचे दिवस घरात मी, अव्वाचा फोटो आणि तपासायच्या उत्तरपत्रिका. कॉलेजातून आलो की चहाला दोन कप काढतो, मग एक परत ठेवतो. तर खेळ उघडला. मित्रांच्या यादीत अजून एकच नाव आहे. त्यासमोर लिहून येतं: शेवटची भेट, तीन वर्षं पाच महिन्यांपूर्वी.

मी पुन्हा समनरच केला, स्वतः न लढता मेलेले उठवून लढवणारा. तू म्हणशील, दुसरं काय करणार. नाव तेच ठेवलं, 'मास्तर'. हार्डकोरमध्येच, म्हणजे एकदा मेला की कायमचा गेला. तू देगलूरहून आणि मी इथून, दर रविवारी दुपारी दोन तास खेळायचो तेव्हाही तू दोन कुऱ्हाडी घेऊन पुढे, आणि मी मागे उभा राहून जमिनीतून सांगाडे उठवायचो. त्यांना 'गडी' हे नाव तूच दिलंस. "अण्णाचे गडी आले, आता अण्णा झाडाखाली बसणार," म्हणायचीस.

या वेळी बिल्ड, म्हणजे कोणता पॉइंट कशात घालायचा ते, नीट आखून करायचं ठरवलं आहे. दोनशे पानी वही केली. पूर्वी मी गड्यांच्या ताकदीवर पॉइंट घालायचो. आता सगळं बचावावर. ढाल घेतली की पन्नास टक्के वार अडतात. आगीचा, विजेचा, थंडीचा प्रतिकार प्रत्येकी पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत नेता येतो, त्यापुढे खेळ नेऊ देत नाही. माझा प्रश्न 'वाटणी'बद्दल आहे. आठवतं का, आपण ज्याला वाटणी म्हणायचो ते कौशल्य: मास्तरला बसलेल्या वाराचा तीस टक्के भाग गड्यांमध्ये वाटला जातो. चार हजारांचा वार बसला तर बाराशे त्यांच्याकडे. नऊ गडी असतील तर प्रत्येकी एकशे तेहतीस. कुणालाच काही जाणवत नाही. पण नऊ गडी ठेवायचे तर ते दुबळे राहतात. सहा ठेवले तर दणकट होतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे येतात. मी दोन्हींची कोष्टकं मांडली आहेत, सोबत झेरॉक्स जोडतो. तुझा कल सहाकडे असेल असं वाटतं. खात्री नाही.

लातूरला ऊन चाळिशीच्या पुढे गेलं आहे. नांदेडला त्याहून जास्त असेल. खोलीत कूलर आहे का?

तुझ्या वकीलबाईंचा, तनुजा मॅडमचा, फोन आला होता. दाजींच्या बाबतीत मी काय पाहिलं असं विचारत होत्या. मला नेमकं काही आठवत नाही, असं त्यांना सांगितलं.

अण्णा


लातूर, रविवार, ४ मे २०२५

रुद्रा,

पत्र तुला पोचल्याचं पोस्टाच्या साइटवर दिसतं. सोळा तारखेला, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. त्यापलीकडचं काही साइटवर दिसत नाही.

शिवगंगाला सुट्टी लागली, ती इथेच आहे. काल तिने वही पाहिली.

"काय लिहिलालाव एवढं?"

म्हटलं, रुद्राला पत्र लिहायच्या आधी आकडे तपासतोय.

"कसले आकडे?"

ढालीचे, म्हटलं. तिने चष्मा लावला, पहिल्या पत्राची माझ्याकडे असलेली प्रत सबंध वाचली. (प्रत मी ठेवतो. तुला माझी सवय माहीत आहे.) वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला.

"आवो, त्या पोरीला कोर्टात साक्षीला माणूस पायजे. अन् तुम्ही तिला इचारलालाव, भुतं सहा ठेवू का नऊ?"

"ते शेवटी लिहिलंय की."

"शेवटी काय लिहिलंय? आठवत न्हाई म्हणून! तुम्हाला? बावीस वर्षांमागं आपल्या लग्नात पंगतीला मीठ कमी होतं ते तारखेनिशी सांगता तुम्ही."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात लावली.

त्यामुळे एक गोष्ट आज दुरुस्त करतो. मोठी नाही, पण तिथून सुरुवात केली तर पुढचं जमेल असं वाटतं.

३ ऑक्टोबर २०२१, रविवार. तुझी दोन कुऱ्हाडीवाली धुरपदा एकाहत्तराव्या लेव्हलला होती. आपण रेड्याच्या दालनात होतो. रेड्याने पहिल्याच धडकेत माझे नऊपैकी सहा गडी उडवले. तू म्हणालीस, "अण्णा, उरलेले माझ्या डाव्या अंगाला ठेव, मी याला लोळवते." मी हो म्हणालो. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. माझं आयुष्य जेमतेम चौथा हिस्सा उरलं होतं. माझ्या मागे दार होतं. मी दारातून बाहेर गेलो.

गडी धन्याबरोबर जातात हा खेळाचा नियम आहे, मला तो पाठ होता. मी बाहेर पडल्याबरोबर तुझ्या डाव्या अंगाचे तिघंही नाहीसे झाले. धुरपदा सात-आठ सेकंद एकटी लढली. हेडफोनमधून मला फक्त तुझ्या बटणांचा आवाज येत होता. मग तू म्हणालीस, "अण्णा? आहेस का?"

मी अर्धा मिनिट थांबून बोललो. म्हणालो, लाइट गेली होती.

तू हसलीस. "तुमच्या लातूरची लाइट!" म्हणालीस. आठ महिन्यांची धुरपदा गेली होती, तरी हसलीस, आणि नवी करू म्हणालीस.

त्या दिवशी लातूरला दिवसभर लाइट होती. माझ्या डायरीत त्या तारखेला लिहिलेलं आहे: 'दुपारी खेळ. रुद्राची धुरपदा मेली. मी दारातून पळालो. लाइट गेली असं सांगितलं.' १९९८ पासून मी रोज डायरी लिहितो, तिच्यात खोटं लिहीत नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पण जे तुला सांगायचं ते मी डायरीला सांगतो आणि कपाट लावून घेतो. हे कसलं खरेपण?

गडी नऊच ठेवले. मास्तर एक्केचाळिसाव्या लेव्हलला आहे. ढाल चांगली मिळाली.

अण्णा


लातूर, रविवार, १५ जून २०२५

रुद्रा,

दोन्ही पत्रं परत आली नाहीत. ती तुझ्याकडे आहेत, एवढं मी धरून चाललो आहे.

शिवगंगा उद्या देवणीला जाईल, शाळा सुरू होते आहे. तिची पिशवी आत्तापासून दाराशी भरून ठेवली आहे. येताजाता मी तिला अडखळतो.

मास्तर साठाव्या लेव्हलला पोचला आणि तिथेच थांबला आहे. पुढे कुंड आहे. काळे कातळ आणि मधोमध कोसळणारं पाणी पाहून तू त्या जागेला कुंड म्हणालीस. लहानपणी आप्पांनी आपल्याला इस्लापूरला धबधबा दाखवायला नेलं होतं, अगदी तसं दिसतं म्हणाली होतीस. आप्पांनी तुला खांद्यावर घेतलं होतं आणि मी काठापासून वीस पावलं लांब चपला सांभाळत उभा होतो, हेही तेव्हा सांगितलंस. ते मला खरंच आठवत नव्हतं. तुला आठवत होतं.

कुंडात गडी येत नाहीत. उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की नऊच्या नऊ मातीत जातात, आणि पलीकडचं दार उघडेपर्यंत एकट्याने उभं राहावं लागतं. तिथे ढाल आहे, प्रतिकार आहे, पण वाटणी शून्य, कारण वाटायला कुणी नाही. सहा वर्षं आपण खेळलो, रुद्रा, आणि मी कुंड एकदाही केलं नाही. दर वेळी तू एकटी आत जायचीस, दार उघडायचीस, आणि मी त्या उघड्या दाराने मागून यायचो. मागे वळून पाहताना हे मला आत्ता दिसलं. तू कधी बोलली नाहीस.

कुंडासाठी वहीची चौदा पानं भरली आहेत. आत जात नाही.

तनुजा मॅडमना मी परत फोन केला. म्हणालो, मला आठवतं, आणि लिहून ठेवलेलंही आहे. त्या म्हणाल्या, "सर, हे एप्रिलमधी सांगितलं असतं तर?" मी माफी मागितली. त्यांना नाही, तुला मागायला हवी, असं त्या म्हणाल्या नाहीत. मलाच वाटलं.

तुलाही लिहून देतो, म्हणजे कोर्टात पहिल्यांदा ऐकायला नको.

६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. मी देगलूरला आलो होतो. तू मला पाटावर बसवलंस. तबक दोन्ही हातांनी धरलंस, पण कुंकू लावलंस ते डाव्या हाताने. मी वर पाहिलं. उजवं मनगट सुजलेलं होतं आणि आतल्या बाजूला चार बोटं उमटलेली होती, निळी. मी विचारलं, हाताला काय झालं? उत्तर दाजींनी, अमरेशरावांनी, दिलं: "भाकरी थापताना मुरगळला. लई नाजूक हाय तुमची बहीण." तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहत होतीस. तबक हलत नव्हतं. तू वाट पाहत होतीस, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मी म्हणालो, "जपून करत जा."

मग जेवलो. भात दोनदा घेतला. निघताना तू म्हणालीस, लॅपटॉप बिघडलाय, आता रविवारी जमायचं नाही. मी म्हणालो, दुरुस्त करून घे.

डायरीत तीन ओळी आहेत. 'रुद्राने डाव्या हाताने कुंकू लावलं. मनगटावर चार बोटं. तिला एकटीला विचारलं नाही.' लॅपटॉपची ओळ पुढच्या पानावर आहे, जणू ती वेगळी गोष्ट होती. मनगट आणि लॅपटॉप एकाच दिवशीचे असतील, हे मला गेल्या महिन्यात सुचलं. गणित शिकवतो मी.

पुढच्या वर्षी नागपंचमी आली. तू शिवगंगाला फोन करून म्हणालीस, "अण्णालाच पाठव न्यायला, दुसरं कुणी नको." शिवगंगाने मला तसंच सांगितलं, शब्द न बदलता. मी समजलो. मुराळी म्हणून, तुला माहेरी न्यायला, मी आलो असतो तर वाटेत तू मला सगळं सांगितलं असतंस, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. मी पेपर तपासायचे आहेत असं सांगून रविकिरणला जीप घेऊन पाठवलं. सख्खा भाऊ असताना चुलत भाऊ मुराळी. देगलूरच्यांना आयतंच कारण मिळालं. रविकिरण मोकळी जीप घेऊन परत आला आणि म्हणाला, "अण्णा, ते म्हणले, भावाला बहिणीचं एवढं जड झालं आसंल तर राहू द्या इथंच. अक्का दारातच हुभी होती, पिशवी घेऊन."

पिशवी घेऊन. हे मी डायरीत लिहिलेलं नाही. ती एकच गोष्ट मी लिहू शकलो नाही.

मॅडमना मी विचारलं, डायरीची झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्र स्पीड पोस्टाने पाठवलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "सर, कागद एकटा येऊन भागत न्हाई. उलटतपासणीला माणूस हुभा राहावा लागतो." तारीख १७ जुलै आहे.

मी बघतो, असं म्हणालो. हे शब्द लिहिताना मला माझा राग येतो आहे, पण खरे तेच होते.

अण्णा


लातूर, रविवार, ६ जुलै २०२५

रुद्रा,

मास्तर मेला.

साठावरून त्रेसष्टावर नेला होता, जुन्याच जागांवर पुन:पुन्हा गड्यांकडून कामं करून घेत. कुंडाच्या उंबऱ्यापर्यंत जायचो आणि परतायचो. चौदा पानांची एकोणीस झाली. आज दुपारी शिवगंगा पलीकडे वह्या तपासत होती. मला म्हणाली, "तुम्ही तीन आठवडे झालं त्याच दारात हाव. आत तरी जा, न्हाईतर बंद तरी करा. मला बघून कटाळा आला."

मी आत गेलो. गडी मातीत गेले. पाण्यातून ती बाई वर आली, तुला माहीत असलेली. पहिले तीन वार ढालीने अडवले. माझी कोष्टकं बरोबर होती, हे मला त्याही वेळी लक्षात आलं आणि बरं वाटलं. चौथा बसला. मग माझ्या लक्षात आलं की मला मारायलाच येत नाही. सगळे पॉइंट बचावात घातलेले. मी ढाल धरून फिरत राहिलो, तिचं आयुष्य तसूभर कमी होईना. मागे दार होतं. तू सांगितलेलं आठवलं, कुंडाचं मागचं दार उघडंच असतं.

बाहेर पडलो नाही. चाळीसेक सेकंद टिकलो असेन.

पडद्यावर नाव आलं, लेव्हल आली, वेळ आली. शिवगंगाने विचारलं, "काय झालं?" मेलो, म्हटलं. ती म्हणाली, "मग आता च्या टाकता का?"

मी चहा टाकला. दोघांनी प्यायलो. काही झालं नाही, रुद्रा. सेहेचाळीस वर्षं ज्याला भीत आलो ते झालं, आणि नंतर मी कप विसळले.

तेव्हा तुझ्याकडे पाठवलेल्या चार माणसांबद्दल लिहितो. तू पंचमीनंतर अडीच महिन्यांनी एकटी एसटीत बसून नांदेडला आलीस. त्यानंतर दहा दिवसांनी गुरुलिंगकाका, मामा आणि आणखी दोघे तुझ्या दारात आले आणि म्हणाले, झालं गेलं विसर, नांदायला जा, घराण्याचं नाव आहे. ते आपणहून आले असं तुला वाटलं असेल तर तसं नाही. मी त्यांना जेवायला बोलावलं होतं. मी म्हणालो होतो, तुम्ही मोठी माणसं, तुम्हीच समजवा, माझं ती ऐकायची नाही. त्यांची गाडी मीच ठरवली. आणि ते गेल्यावर दिवसभर फोनजवळ बसलो होतो.

परत आल्यावर काका म्हणाले, "पोरीनं चहा केला आमच्यासाठी. अन् एकच इचारलं, अण्णा कुठं हाय?"

मी त्यांना काय सांगायला सांगितलं होतं, हे त्यांना आठवेना. चार माणसांत वाटलं की कुणालाच फारसं लागत नाही. लागलं ते तुला, सगळं.

तुला नांदायला जा म्हणणारा मी होतो. तोंडं त्यांची होती.

प्रतिज्ञापत्रावर सही करून मी शुक्रवारी स्वतः मॅडमकडे देऊन आलो. नांदेडला होतो, तरी तुझ्याकडे आलो नाही. आधी सतरा तारीख होऊ दे असं वाटलं. ही पळवाट आहे का, याचा विचार परतीच्या गाडीत केला. अर्धी आहे.

सतराला येतो. डायरी मूळचीच आणतो, झेरॉक्स नाही.

अण्णा


लातूर, रविवार, २० जुलै २०२५

रुद्रा,

गुरुवारी तू कोर्टात होतीस, सगळं ऐकलंस, तेव्हा हे लिहायची गरज नाही. पण मी लिहून ठेवल्याशिवाय गोष्ट झाली असं मला वाटत नाही. आणि या वेळी डायरीच्या आधी तुला लिहितोय.

साडेअकराला माझ्या नावाचा पुकारा झाला. अमरेश पहिल्या बाकावर होता. (राव लावायची सवय हाताला आहे, आत्ताही लिहून खोडलं.) तो माझ्याकडे पाहून ओळखीचं हसला. भाऊबीजेला हसायचा तसंच.

त्याच्या वकिलांचे प्रश्न तुझ्यासारखे मलाही पाठ झाले आहेत.

"मनगटावर बोटं पाहिली म्हणता. बहिणीला बाजूला घेऊन विचारलं?"

"नाही."

"पोलिसात गेलात?"

"नाही."

"जेवलात?"

"हो."

"पोटभर?"

"भात दोनदा घेतला."

मागे कुणीतरी हसलं. वकील डायरी उलटत होते. पुढच्या वर्षीच्या पंचमीचं पान त्यांनी मोठ्याने वाचलं: 'रुद्राला आणायला रविकिरणला पाठवलं. मला पेपर आहेत.'

"कसले पेपर हो, प्राध्यापक? पंचमीला कसली परीक्षा असते?"

"नव्हते पेपर."

"म्हणजे डायरीत खोटं लिहिता तुम्ही."

"त्या दिवशी लिहिलं." रुद्रा, हे मलाही त्याच क्षणी कळलं. तुला ४ मेला लिहिलं होतं, मी डायरीत खोटं लिहीत नाही म्हणून. ते वाक्य खोडून टाक.

"ठीक. म्हणजे बहिणीला आणायला गेला नाहीत, विचारलं नाहीत, तक्रार केली नाहीत. याचा अर्थ तुम्हाला त्यात काही गंभीर वाटलंच नव्हतं. बरोबर?"

मी म्हणालो, "वाटलं होतं. म्हणूनच गेलो नाही."

जजसाहेबांनी मान वर केली आणि ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, लिहून घ्यायला. मी पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा आवाज बरा निघाला. अमरेश तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हता.

बाहेर व्हरांड्यात मी बाकावर बसलो तेव्हा डायरी मांडीवर होती आणि ती पिशवीत घालायला जमत नव्हतं. तू आलीस. समोर उभी राहिलीस. किती बारीक झालीस. केस कापलेस.

तू म्हणालीस, "आज लातूरला लाइट होती वाटतं."

मी मान खाली घातली.

"मला तवाच माहीत होतं, अण्णा. लाइट गेली की खेळात 'संपर्क तुटला' येतं. तुझ्या नावापुढं 'बाहेर गेला' आलं होतं. ठळक अक्षरात."

"मग हसलीस का?"

"तू खोटं बोलायलालास तर तुला अजून माझ्यापुढं लाज वाटायली, एवढं कळलं. तेवढ्यावर हसले."

मग तू माझ्या शेजारी बसलीस, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"मास्तर कितीवर मेला?"

"त्रेसष्ट."

"धुरपदा एकाहत्तर होती."

"माहीत आहे."

"कुंडात ढाल घेऊन कोण जातं, वेड्या? सहा का नऊ, सहा का नऊ... चारही पत्रं वाचली मी. एकोणीस पानं केलीस अन् हातात शस्त्र न्हाई!" हे म्हणताना तुझा आवाज हसण्याचा होता पण डोळे तसे नव्हते. मी पाहिलं. आणि या वेळी विचारलं. म्हटलं, "रुद्रा, हात दुखतो का अजून?"

तू म्हणालीस, "थंडीत दुखतो. जात्यासारखा आवाज येतो." आणि मनगट फिरवून दाखवलंस. मी कान जवळ नेला. आला आवाज.

पंचमीला घेऊन जायला येऊ का, असं मी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस. लगेच म्हणालीस, विचारात न पडता. "मला कुणी न्यायचं न्हाई आता, अण्णा. ना तिकडं, ना इकडं. तुला यायचं तर ये. बसायला ये." आणि तनुजा मॅडमनी हाक मारली म्हणून उठून गेलीस.

मी दोनच्या गाडीने परत आलो. घर बंद होतं, शिवगंगा देवणीलाच होती. दोन कप काढले, एक ठेवला. पण तुला खोटं वाटेल, कुलूप उघडताना मी गुणगुणत होतो. निकाल काय लागेल ते मॅडमनाही सांगता येत नाही. माझ्या साक्षीने तुझं किती भलं झालं आणि माझ्याच डायरीने किती बिघडवलं, याचा विचार मी तीन दिवस करतो आहे. ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवसाची भरपाई ही नाही, तेवढं मला कळतं.

मंगळवारी, २९ तारखेला पंचमी. शिवगंगा म्हणते, पुरणाची दिंडं उकडून देते, डब्यात नीट राहतात. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, हे ती मला तीनदा सांगते आहे, जणू मी स्वयंपाक करणार आहे. तिने यावं असं मी म्हटलं तर म्हणाली, "मी नंतर येईन. आधी तुम्ही जावा. मला मधी घालू नका."

काल नवं पात्र केलं. समनर नाही. नाव अजून ठेवलेलं नाही. एक कुऱ्हाड आहे. बचावाचे आकडे वाईट आहेत, बहुतेक दहाव्या लेव्हलच्या आत मरेल. वही केलेली नाही. तुझ्या खोलीत कॉम्प्युटर असेल तर दाखवतो, नसेल तर राहू दे.

सकाळी साडेसातच्या गाडीने निघतो. दुपारपर्यंत नांदेडला, तरोड्यातल्या तुझ्या खोलीवर पोचेन. दार वाजवेन. बरोबर कुणी नसेल.

अण्णा